धातू सापडला की शब्द सुटतो
(गोंडी बोलणाऱ्या मुलांच्या वर्गात संस्कृत धातू कसे शिकवावेत?)



आज आपण संस्कृत धातू आणि त्यांपासून तयार झालेले मराठी शब्द हा घटक पाहणार आहोत. हा विषय आठवी-नववीच्या संस्कृतचा, प्राथमिक शाळेत याचं काय काम, असं काहींना वाटेल. पण आपल्या धानोरा तालुक्यातल्या वर्गात तो तिसरीपासूनच लागतो. कारण सरळ आहे. तिसरीत मुलाच्या हातात 'परिसर अभ्यास' येतं आणि पुस्तकाच्या नावापासूनच संस्कृत शब्द सुरू होतात. पुढे आहार, पोषण, उत्सर्जन, श्वसन, बाष्पीभवन, परिवलन, परिभ्रमण अशी रांगच लागते. पहिली-दुसरीत धडाधड बोलणारी लेकरं इथे येऊन गप्प होतात. त्यांना झाड, पाणी, जंगल आपल्यापेक्षा जास्त कळतं, पण पुस्तकातला शब्द कळत नाही. मग आपण अर्थ सांगतो, ते पाठ करतात आणि परीक्षा झाली की विसरतात.

एकेक शब्द पाठ करून घेण्यापेक्षा शब्द सोडवायची रीत हाती दिली तर मूल नवा शब्दसुद्धा स्वतः सोडवू लागतं. ती रीत म्हणजे धातू.

धातू म्हणजे काय?

क्रियापदाचं मूळ म्हणजे धातू. लोखंड-तांबं हा अर्थ इथे घ्यायचा नाही, हे मुलांना पहिल्याच दिवशी सांगा. 'करतो, केलं, करणार, करून' या सगळ्यांत 'कर' हे मूळ आहे. संस्कृतमध्ये त्याचं रूप 'कृ'. अशा धातूंची यादी पाणिनीच्या परंपरेत 'धातुपाठ' या नावानं आहे. तीत सुमारे २,००० धातू असून ते भ्वादी, अदादी, चुरादी अशा १० गणांत विभागलेले आहेत. घाबरू नका, आपल्याला एवढे लागत नाहीत. प्राथमिक शाळेच्या पुस्तकांसाठी दहा-बारा धातू नीट झाले तरी भरपूर होतात.

धातूच्या पुढे लागतो तो उपसर्ग, मागे लागतो तो प्रत्यय. संस्कृतमध्ये उपसर्ग २२ मानतात : प्र, परा, अप, सम्, अनु, अव, निस्, निर्, दुस्, दुर्, वि, आ, नि, अधि, अपि, अति, सु, उत्, अभि, प्रति, परि, उप.

उदाहरणार्थ, परि + सृ + अ = परिसर. 'सृ' म्हणजे सरकणे, पसरणे. 'परि' म्हणजे चहूबाजूंनी. आपल्या चहूबाजूंना पसरलेलं ते परिसर. आता 'प्रसार, प्रसरण, रक्ताभिसरण' हे शब्द आले की मुलं 'सर' आणि 'सार' शोधतात.

आपल्या मुलांना नेमकं अडतं कुठे?

हा मुद्दा मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. गोंडी ही द्राविडी कुळातली भाषा आहे. रॉबर्ट कॉल्डवेल यांनी १८५६ मध्ये द्राविडी भाषांचं तुलनात्मक व्याकरण प्रसिद्ध केलं, तेव्हापासून हे कूळ वेगळं म्हणून अभ्यासलं जातं. तमिळ, तेलुगू, कन्नड, मल्याळम आणि गोंडी ही एकाच घरातली भावंडं. खाण्यासाठी गोंडीत 'तिन्' हे मूळ आहे, तेलुगूतही तेच. म्हणजे क्रियापदाला मूळ असतं ही गोष्ट गोंडी मुलाला नवी नाही. ती त्याच्या जिभेवरच आहे.

नवं काय आहे? द्राविडी भाषांत शब्दाला जे जोडायचं ते मागून जोडतात. कोण खातो, कधी खाल्लं, खाणार की नाही, हे सगळं मुळाच्या मागे लागतं. मूळ मात्र शब्दाच्या सुरुवातीलाच उभं असतं. पुढून जोडायची, म्हणजे उपसर्गाची, पद्धत या भाषांची स्वतःची नाही. त्यामुळे गोंडी बोलणारं मूल शब्दाचा अर्थ सुरुवातीच्या अक्षरांत शोधतं. 'परिसर, परिणाम, परीक्षा, परिवार' हे चार शब्द त्याला एकाच मुळाचे वाटू शकतात, कारण सुरुवात सारखी आहे. आणि 'आहार, विहार, प्रहार' हे तीन शब्द त्याला एकमेकांचे कोणीच वाटत नाहीत, कारण सुरुवात वेगळी आहे. खरं तर उलट आहे. पहिले चार वेगवेगळ्या धातूंचे आणि नंतरचे तीन एकाच 'हृ' धातूचे.

मराठी घरातल्या मुलाच्या कानावर असे शब्द बातम्यांतून, कीर्तनातून, मोठ्यांच्या बोलण्यातून पडत असतात. त्याला हे न शिकवताही अंदाजानं जमतं. गोंडी घरातल्या मुलाला ते उघडपणे शिकवावं लागतं. हा मुलाच्या बुद्धीचा प्रश्न नाही, दोन भाषांच्या घडणीचा आहे. 'या पोरांना मराठी येतच नाही' असं म्हणण्याआधी आपण एवढं लक्षात घेतलं पाहिजे.

म्हणून वर्गात एकच सूचना पुन्हा पुन्हा द्यायची : पुस्तकातला मोठा शब्द दिसला की पुढचं टरफल काढा, मग दाणा शोधा.

पाठ पहिला : हृ (नेणे, घेऊन जाणे)

व्याकरणकारांचा हा जुना आवडता धातू आहे. उपसर्ग लागला की धातूचा अर्थ कुठल्या कुठे जातो, हे दाखवायला ते याच शब्दांचं उदाहरण देतात.

- आ + हार = आहार : आत घेणे, जेवण (शालेय पोषण आहार)
- वि + हार = विहार : इकडेतिकडे फिरणे
- प्र + हार = प्रहार : जोराचा फटका
- सम् + हार = संहार : नाश
- परि + हार = परिहार : दूर करणे, निवारण
- उप + हार = उपहार : भेट
- वि + अव + हार = व्यवहार : देवाणघेवाण
- उत् + आ + हरण = उदाहरण

यातून एक शुद्धलेखनाचा फायदाही होतो. 'उपहार' म्हणजे भेटवस्तू आणि 'उपाहार' म्हणजे उप + आहार, हलकं खाणं. म्हणून दुकानाच्या पाटीवर 'उपाहारगृह' हवं.

पाठ दुसरा : वस् (राहणे)

हा धातू आपल्या मुलांच्या अगदी ओळखीचा. अनेक जण वसतिगृहात राहतात. वस्ती, वसतिगृह, निवास, रहिवासी दाखल्यातला 'वास', घरकुलाच्या योजनेतलं 'आवास', सगळं 'वस्' पासून. मग विचारा, 'प्रवास' मध्ये राहणं कुठे आलं? प्र + वास म्हणजे घर सोडून दूर राहणं. पूर्वी गाव सोडून जाणं म्हणजे कित्येक दिवस बाहेर राहणंच असे. आणि 'उपवास'? उप म्हणजे जवळ. देवाजवळ राहण्याचा दिवस, मग त्या दिवशी न जेवणं, असा अर्थ पुढे सरकला.

पाठ तिसरा : ईक्ष् (पाहणे)

हा धातू मुलांपेक्षा आपल्याच जास्त मागे लागलेला आहे! परीक्षा, निरीक्षण, समीक्षा, अधीक्षक, पर्यवेक्षक, सर्वेक्षण, सगळीकडे कोणीतरी पाहतंय.

परि + ईक्षा = परीक्षा. इ आणि ई मिळून ई होते म्हणून 'री' दीर्घ. निर् + ईक्षण = निरीक्षण, इथेही दीर्घ. पण 'परिसर', 'परिणाम' मध्ये पुढे ई नाही, म्हणून 'रि' ऱ्हस्व. 'परीक्षा'ची वेलांटी पहिली की दुसरी, हे मग पाठ करावं लागत नाही. तसंच उत् + ज्वल = उज्ज्वल. उपसर्गाच्या 'त्' चा 'ज्' झाला आणि धातूचा 'ज्' आहेच, म्हणून दोन 'ज'.

पाठ चौथा : परिवलन की परिभ्रमण?

भूगोलात ही जोडी मुलांना हमखास चकवते. पृथ्वी स्वतःभोवती फिरते ते काय आणि सूर्याभोवती फिरते ते काय? पुढचं 'परि' दोन्हीकडे सारखंच, म्हणून ते काढून टाका. उरलं 'वल्' आणि 'भ्रम्'. वल् म्हणजे वळणे. आपलं 'वळणे' हे क्रियापद त्याच धातूचं. मुलाला जागेवरच वळून गिरकी घ्यायला सांगा : हे परिवलन. भ्रम् म्हणजे भटकणे, हिंडणे, जसं भ्रमण. आता एका मुलाला मध्ये उभं करून दुसऱ्याला त्याच्याभोवती हिंडायला सांगा : हे परिभ्रमण. मैदानावर पाच मिनिटांत होतं.

धातूचं रूप थोडं बदलतं, ते असं

मुलं विचारतात, 'कृ' चं 'कार' कसं झालं? थोडक्यात नियम सांगा, नावं पाठ करून घेऊ नका.

- इ/ई चा ए होतो : लिख् – लेख, लेखक, लेखणी
- उ/ऊ चा ओ होतो : बुध् – बोध, बोधकथा
- ऋ चा अर् होतो, कधी आर् : कृ – करण, कार्य, स्मृ – स्मरण, स्मारक

व्याकरणात याला गुण आणि वृद्धी म्हणतात. चौथी-पाचवीला नुसता बदल दिसला तरी पुरे.

बोलीतल्या शब्दांतही धातू आहेत

धातू फक्त जड शब्दांतच असतात असा समज होऊ देऊ नका. हजारो वर्षं लोकांच्या तोंडी घासून काही शब्द इतके गुळगुळीत झाले की जोड दिसत नाही. उत् + स्था पासून 'उठणे', उप + विश् पासून आधी 'बैसणे' मग 'बसणे', उप + लक्ष् पासून 'ओळखणे'. नृत् पासून पुस्तकातलं 'नृत्य' आणि आपला 'नाच', दोन्ही. आपल्या मुलांना रेला नाच चांगला येतो. 'नृत्य' हे त्याचंच मोठ्या घरचं नाव म्हणा! गंमत म्हणजे 'जातो' आणि 'गेला' हे आपण एकाच क्रियापदाचे मानतो, पण 'जाणे' आलंय 'या' धातूपासून आणि 'गेला' आलंय 'गम्' धातूच्या 'गत' या रूपापासून.

'स्था' म्हणजे उभं राहणं, असणं. स्थान, स्थिती, संस्था, व्यवस्था, उपस्थिती, पोलीस ठाणं हे सगळं त्याचं. आणि आपलं एस.टी. 'स्टँड'? तो इंग्रजी शब्दही याच मुळाचा भाऊ आहे. संस्कृत, ग्रीक, लॅटिन यांची क्रियापदांची मुळं योगायोगानं जुळणार नाहीत इतकी सारखी आहेत, असं विल्यम जोन्स यांनी कलकत्त्यात १७८६ मध्ये सांगितलं आणि भाषांच्या कुळांचा अभ्यास जोरात सुरू झाला.

पालकांसाठी : कागदावरचे शब्द

पालकहो, ही रीत फक्त मुलांच्या परीक्षेपुरती नाही. आपल्या तालुक्यातलं मेंढा (लेखा) हे गाव तुम्हाला ठाऊकच आहे. २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळवणारं ते देशातल्या अगदी पहिल्या गावांपैकी एक. त्या गावाची दोन वैशिष्ट्यं सांगितली जातात : निर्णय सर्वसहमतीनं घेणं आणि त्याआधी अभ्यास गटात बसून विषय समजून घेणं. ज्या कायद्यानं हे हक्क मिळतात त्याचं नाव घ्या :

अनुसूचित जमाती व इतर पारंपरिक वननिवासी (वनहक्कांची मान्यता) अधिनियम, २००६.

हे नाव मुलासोबत बसून सोडवून पाहा.

- अनुसूचित : अनु + सूच्. सूच् म्हणजे दाखवणे, सुचवणे. सूचना, सूचक, सूची. अनुसूची म्हणजे सोबत जोडलेली यादी. त्या यादीत नाव असलेली ती अनुसूचित.
- वननिवासी : वन + नि + वस्. वनात राहणारा. वर पाहिलेलाच धातू.
- मान्यता : मन्, म्हणजे विचार करणे, मानणे. मन, मत, मतदान, अनुमती, संमती, सहमती ही सगळी याचीच लेकरं.
- अधिनियम : अधि + नि + यम्. यम् म्हणजे आवरणे, ताब्यात ठेवणे. नियम, संयम, व्यायाम.
- जमात आणि हक्क : हे दोन्ही मूळ अरबी शब्द. यांत संस्कृत धातू शोधू नका.

यातला 'मान्यता' शब्द नीट पाहा. मान्य करायचं म्हणजे जे आधीपासून आहे ते मानायचं. नवं काही देणं हा त्याचा अर्थ नाही. 'हक्क दिले' आणि 'हक्क मान्य केले' यात फरक आहे, आणि तो फरक एका 'मन्' धातूत बसलेला आहे. ग्रामसभेच्या कागदावर 'संमती' लिहिलंय की 'अनुमती', हे वाचून सही किंवा अंगठा करणारा माणूस आणि न वाचता करणारा माणूस, यांच्यात फार अंतर पडतं. आज पाचवीत असलेली मुलगी उद्या आई-बाबांना हा कागद वाचून दाखवणार आहे.

आपल्याच तालुक्यात मोहगावच्या ग्रामसभेनं २०१९ मध्ये गोंडी माध्यमाची शाळा सुरू केली. तिचं नाव 'पारंपरिक कोया ज्ञानबोध संस्कार गोटुल'. यात कोया आणि गोटुल हे गोंडी, तर ज्ञान (ज्ञा), बोध (बुध्), संस्कार (सम् + कृ) हे संस्कृत धातूंचे शब्द एका ओळीत सुखानं बसलेत. दोन भाषा एकमेकींच्या आड येतातच असं नाही.

सावधान! इथे घसरू नका

१) प्रत्येक शब्दाला धातू चिकटवू नका. कृ शिकवलं की मुलं लगेच 'सरकार' सांगतात. पण तो शब्द फारसीतून आलाय. कारखाना, कारकून, बेकार यांतलं 'कार'ही फारसी. फारसी आणि संस्कृत एकाच कुळातल्या असल्यामुळे ते 'कार' आणि आपलं 'कृ' लांबचे नातेवाईक आहेत, एवढं मात्र खरं.

२) गावांची नावं ओढून आणू नका. लेखा गावाचं नाव 'लिख्' पासून, असं कोणी म्हणेल. ऐकायला बरं वाटतं, पण आवाज जुळला म्हणजे नातं जुळलं असं नसतं. आपल्या भागातल्या कित्येक गावांची नावं गोंडी आहेत. 'नार' म्हणजे गाव आणि 'एर' म्हणजे पाणी, हे तर मुलंच आपल्याला सांगतील.

३) धातूवरून अंदाज करा, पण खात्री वापरावरून करा. 'उप' म्हणजे जवळ, 'ईक्ष्' म्हणजे पाहणे. मग 'उपेक्षा' म्हणजे जवळून पाहणं का? नाही, दुर्लक्ष करणं. अर्थ शेवटी लोकांच्या बोलण्यात ठरतो.

सगळी नामं धातूंपासूनच झाली का, हा वाद फार जुना आहे. यास्कानं 'निरुक्त' ग्रंथात तो नोंदवलाय. शाकटायन म्हणे, सगळी झाली; गार्ग्य म्हणे, सगळी नाही. शंका आली तर कृ. पां. कुलकर्णी यांचा 'मराठी व्युत्पत्तिकोश' उघडावा, तोवर 'पाहून सांगतो' म्हणावं.

वर्गात कसं घ्याल? (४० मिनिटांची एक तासिका)

साहित्य : जुन्या कॅलेंडरच्या कोऱ्या बाजूच्या पट्ट्या, स्केचपेन.

१. मधल्या मोठ्या पट्टीवर एकच धातू लिहा, उदा. हृ – हार. एका दिवशी एकच धातू.
२. आठ-दहा उपसर्गांच्या पट्ट्या गटात वाटा. मुलांनी उपसर्ग पुढे लावून शब्द करायचा आणि मोठ्यानं वाचायचा.
३. प्रत्येक शब्दाला तीन प्रश्न : हा शब्द कुठे ऐकलाय का? पुस्तकात कुठे आहे? वाक्यात सांगता येईल का? 'अतिहार' सारखा शब्द तयार झाला तर तो बाजूला ठेवा. तयार होतो तो प्रत्येक शब्द भाषेत चालतोच असं नाही, हेही मुलांना कळतं.
४. आता विचारा, 'घरी याला काय म्हणता?' गोंडी, छत्तीसगढी, झाडीबोली, जो शब्द येईल तो शेजारी लिहा. उच्चार गावागणिक थोडा बदलेल, बदलू द्या.
५. शेवटी पाठ्यपुस्तकाचं एक पान उघडून त्याच धातूचे शब्द शोधायला लावा.

मूल्यमापनासाठी अर्थ विचारू नका. न शिकवलेला शब्द द्या आणि 'यात टरफल कोणतं, दाणा कोणता?' एवढंच विचारा. आहार-विहार शिकवून झाल्यावर 'परिहार' देऊन पाहा. अर्थ अर्धवट सांगितला तरी चालेल. अनोळखी शब्दापुढे गप्प न बसता मुलानं त्याला हात घातला, इथेच तुमचा पाठ यशस्वी झाला.

जाता जाता एक धातू आपल्यासाठी

'शिकणे, शिक्षण, शिक्षक' हे 'शिक्ष्' धातूचे शब्द. धातुपाठात तो स्वतंत्र दिलाय, पण भाषेचे अभ्यासक त्याचं नातं 'शक्' म्हणजे शकणे, समर्थ असणे या धातूशी लावतात. 'जाणण्याची इच्छा' ती जशी जिज्ञासा (ज्ञा), तशी 'समर्थ होण्याची इच्छा' ती शिक्षा. मराठीत मात्र 'शिक्षा' म्हणजे छडी आणि अंगठे धरून उभं राहणं असा अर्थ होऊन बसला! शब्दाचा अर्थ आपण एकट्यानं बदलू शकत नाही, पण आपल्या वर्गात त्याचा मूळ अर्थ चालवणं आपल्या हातात आहे. 'मला जमेल' असं मुलाला वाटणं, हेच शिक्षण.

या आठवड्यात हृ, वस् आणि कृ घेऊन पाहा. तुमच्या मुलांनी कोणते नवे शब्द शोधले आणि घरच्या बोलीतले कोणते शब्द मिळाले ते जरूर कळवा. पुढच्या पाठात गम्, भू आणि ज्ञा घेऊ.